उतारावरची रिकामी गाडी

आमच्या वसाहतीत वरच्या इमारतींपासून फाटकापर्यंत बराच मोठा उतार आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिथे एक उघडी बॅटरीगाडी आहे, गोल्फच्या मैदानावर असते तशी. ती दळवी चालवतात. पूर्वी ते ट्रक चालवायचे.

रोज सकाळी आम्ही चारजण वर ताटकळत असताना दळवी आधी रिकामीच गाडी खाली नेत, वर आणत आणि मग आम्हाला बसवत. खाली चहा पिऊन येत असणार, असा मला संशय. एकदा मी गॅलरीतून पाळत ठेवली, तर ते अर्ध्या उतारावर थांबून चाकाशी वाकून काहीतरी खटपट करत होते. संशय आणखीच वाढला.

काल मात्र परत आल्यावर ते म्हणाले, "आज गाडी न्यायची नाही. ब्रेक उशिरा लागतोय."

"एकटे फिरता तेव्हा बरा लागतो," मी बोलून गेले.

"ताई, ब्रेक धरतो की नाही ते उतारावरच कळतं. ते बघताना गाडीत तुम्ही कशाला?"

संशय आम्ही दोघंही रोज घेत होतो. मी तो माणसावर घेतला आणि गॅलरीत उभी राहिले. त्यांनी ब्रेकवर घेतला आणि स्वतः उतारावर गेले.

आम्ही कठडा धरून पायीच निघालो. दळवी माझ्या एक पाऊल पुढे, उताराच्या बाजूने चालत होते. का, ते मी विचारलं नाही.