बरगडीवरचा व्रण

आसावरी एरवी हसतमुख. अमेरिकेत बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, कुणाच्याही डोहाळजेवणाला सगळ्यात आधी हजर. पण २००५च्या उन्हाळ्यात ती अर्ध्या जिन्यातच थांबून धापा टाकायला लागली. नवरा, उल्हास, सगळ्यांना सांगायचा, "अस्थमा आहे यार, इथल्या हवेतले परागकण!" मग काकू मंडळी प्राणायाम सुचवायच्या.

खरी गोष्ट इथे दोघांनाच ठाऊक होती. चार वर्षांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. लग्नाआधी तिच्या आईने ते उल्हासच्या कानावर घातलं होतं, आणि आपल्या घरी सांगायचं नाही, हे उल्हासने ठरवलं होतं. आता सासूबाई, शोभनाताई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. सून आजारी, म्हणून प्रत्येक अपॉइंटमेंटला बरोबर. पोस्टात नोकरी केलेली. इंग्रजी चांगलं कळायचं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावला. विचारलं, "लहानपणी काही सर्जरी?"

"नो, नेव्हर," उल्हास म्हणाला.

आसावरीच्या मस्तकात तिडीक गेली. "श्वास माझा कोंडतोय, उल्हास, तुझा नाही!" आणि तिने बरगडीवरचा व्रण उघडा करून दाखवला.

तपासण्यांत कळलं, जुन्या ऑपरेशनच्या जागी फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. मांडीतून नळी घालून, आत फुगा फुगवून त्या रुंद करायच्या, जाळीचा स्टेंट बसवायचा. आधी आला असतात, तर हृदयावर एवढा ताण आला नसता, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना गाडीत शोभनाताईंनी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर केली असती मला सून?" आसावरीने उलट विचारलं.

"नसती केली. खोटं कशाला बोलू?"

"आई!" उल्हास कळवळला.

"तू बोलूच नकोस. मला भिऊन हिला गुदमरू दिलंस. वर औषध कसलं, तर अस्थम्याचं!"

आसावरीचा राग दोघांवरही होता, आणि तो निवळला नाही.

फुग्याच्या दिवशी नर्सने फॉर्म पुढे करून विचारलं, तुम्ही बेशुद्ध असताना काही निर्णय घ्यावा लागला, तर कुणाला विचारायचं? उल्हास पुढे झाला.

"त्याला नाही," आसावरी म्हणाली. "सासूबाईंना."

"मला?"

"तुम्ही गाडीत जे बोललात, ते मी विसरणार नाही. पण डॉक्टर विचारतील त्याचं तुम्ही खरं उत्तर द्याल."

शोभनाताईंनी पर्समधून चष्मा काढला आणि पेन मागितलं.