नादाची जात

"कातड्यातलं हिलाच कळणार," संगीताच्या बाई म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला.

मी उभी होते. उत्तर बरोबर आलं होतं. वर्ग हसला तेव्हा मला वाटलं, कौतुकानं हसतायत. म्हणून मीही त्यांच्याबरोबर हसले. ते माझं हसणं मी अजून विसरलेले नाही.

आठवीत होते मी. शिरूरच्या शाळेत. बाईंनी त्या दिवशी फळ्यावर नादाचे तीन गुण लिहिले होते. उंच-नीचपणा. लहान-मोठेपणा. आणि जात. बाई म्हणाल्या, "डोळे मिटले तरी आवाज पेटीचा की बासरीचा हे कळतं ना? त्याला नादाची जात म्हणतात." मागच्या बाकावरचं कुणीतरी खुसखुसलं. दोघींनी माझ्याकडं वळून बघितलं. मी वहीत लिहीत राहिले.

मग त्यांनी मोबाइल स्पीकरला जोडला. डोकं बाकावर ठेवा, ऐका, कोणकोणती वाद्यं आहेत ते सांगा. पोरांनी सांगितलं, पेटी, तबला. मी हात वर केला. म्हणाले, "बाई, मागं लांब हलगी बी हाय. पर तिचं कातडं नीट तापलेलं न्हाई. आवाज बसलाय."

बाईंनी परत लावून ऐकलं. होती हलगी. आणि मग त्या ते वाक्य बोलल्या.

तास संपल्यावर मी तबल्याजवळ गेले. नुसतं बोट टेकवून बघायचं होतं, पुडी, म्हणजे वरचं कातडं, किती ताणलीय ते. बाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. तुमच्याकडे आहे ना तुमचं, ते वाजव." आवाज चढवला नाही. खिडकी लावून घे म्हणाव्यात इतक्या साधेपणानं म्हणाल्या.

आम्ही मातंग. गावाबाहेर आमची वस्ती. आबा शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत प्रेसवर होते, ठेक्यावर. आठवडाभर पत्रा कापायचा आणि लग्नसराईत, जत्रेत हलगी वाजवायची. वाजवायला माणसं बोलावतही होती आणि लांब उभंही करत होती. लग्नात नवरदेव निघाला की पुढं हलगी पाहिजे. पंगत बसली की हलगीवाले मांडवाच्या मागं.

मला ऐकायला आबांनी शिकवलं. ते शिकवणं आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आमचा तो खेळ होता. मी घराच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. आबा वाजवत वाजवत घोडनदीच्या बाजूला जायचे. ते कुठनं माघारी वळले, हे मी न बघता ओळखायचं. कधी कधी ते फसवायचे. जागेवरच उभे राहून हळूहळू वाजवणं कमी करायचे. मी म्हणायची, आबा गेले लांब. मागं बघितलं तर आबा तिथंच, दात काढून.

मग त्यांनीच सांगितलं. "आगं, जवळ ऱ्हाऊन हळू वाजवलं तर काडी ऐकू येती. चट्ट. लांब जाऊन जोरात वाजवलं तर काडी हरवती, नुस्तं कातडं येतं. काडी ऐक. काडी खोटं बोलत न्हाई."

उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्यात लांब बारीक काडी. दोघांचे दोन आवाज. पाचटाचा जाळ करून कातडं तापवलं की आवाज वर चढत जायचा, तो कुठवर चढला हे मी चुलीजवळ बसून सांगायची. आबा मान हलवायचे. "आता व्हय," म्हणायचे. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ती.

बाईंच्या त्या वाक्यानंतर मी हे सगळं लपवायला लागले. घरी आबांनी हलगी काढली की मी पाण्याला जायची. "का गं, ऐकत न्हाई का?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणाले, अभ्यास हाय.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाजारातनं येताना मी तबले दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानापाशी थांबले. म्हातारे होते. पायात तबला धरून त्याची कातड्याची वादी ओढत होते. मी विचारलं, "चाचा, हे कातडं कशाचं?"

"बकरीचं, बेटा."

"आन् हलगीचं?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "तेबी बकरीचंच," म्हणाले. "बकरी एकच असती. घरं वेगळी."

मी घरी आले. ते डोक्यात राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दौंडला शाळांची संगीत श्रवण स्पर्धा निघाली. प्रत्येक शाळेतनं एक विद्यार्थी. बाईंनी वर्गात चाचणी घेतली. वीसपैकी माझी वीस बरोबर आली. दुसऱ्या नंबरच्या मुलीची अकरा. बाईंचा चेहरा पडला, पण शाळेला बक्षीस पाहिजे होतं. त्यांनी मलाच नेलं.

एसटीत न्हावरा गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "हे बघ, तिथं पुण्याचे परीक्षक असतात. वडील काय करतात विचारलं तर कंपनीत आहेत म्हणायचं. बाकीचं सांगायची गरज नाही. आणि हाय-न्हाई बोलू नकोस. आहे-नाही म्हण."

मी म्हणाले, "हो बाई."

कंपनीत आहेत, हे काही खोटं नव्हतं. म्हणून म्हणणं सोपं गेलं.

दौंडला त्या कॉलेजच्या गेटवर कुणा पुढाऱ्याचं स्वागत होतं. त्याच्याच हातनं उद्घाटन होतं. कमान, फुलं, माणसं. आम्ही रिक्षातनं उतरलो आणि मला हलगी ऐकू आली. गर्दीनं काही दिसत नव्हतं. तीन हलग्या होत्या आणि एक ढोल. दोन हलग्या मला माहीत नव्हत्या. तिसरीची काडी चौथ्या ठोक्यावर अंमळ उशिरा पडत होती.

आबांचं डाव्या हाताचं बोट प्रेसमध्ये चेमटलं होतं. तेव्हापासनं ती काडी तशीच पडायची.

आदल्या दिवशी ते म्हणाले होते, उद्या बाहेरची सुपारी हाय. कुठली, ते मी विचारलं नव्हतं. आणि मी कुठं चाललेय हे मीही त्यांना नीट सांगितलं नव्हतं. पेपर हाय, एवढंच म्हणाले होते.

बाईंनी माझा दंड धरला आणि गर्दीतनं पुढं काढलं. गेटपाशी वाजवणारे रस्त्याच्या एका कडेला, उन्हात उभे होते. मी बघितलं. आबांनी डोक्याला फडकं बांधलं होतं. त्यांनीही बघितलं. माझा इस्त्रीचा गणवेश, दोन वेण्या, शेजारी बाई. मी मान खाली घातली. चपलांकडं बघत चालत राहिले.

आणि मागं त्या तिसऱ्या हलगीचा आवाज लहान झाला. काडी मात्र अगदी स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे आबा लांब गेले नव्हते. तिथंच होते. हळू वाजवत होते. मी आत जाईपर्यंत लोकांचं लक्ष आपल्याकडं नको, म्हणून.

मी आत गेले.

हॉलमध्ये खुर्च्या, पंखे, समोर परीक्षक. ते एकेक तुकडा ऐकवायचे आणि आम्ही कागदावर लिहायचं. किती वाद्यं आहेत. कोण पुढं, कोण मागं. सगळे एकच चाल वाजवतायत की एक चाल आणि बाकीचे तिच्याखाली काही वेगळं भरतायत. आवाज भरीव आहे की विरळ. कुठं वाढला, कुठं उतरला. मला काही अवघड जात नव्हतं. हात आपोआप लिहीत होता. कान बाहेर होता.

उद्घाटन उरकून पुढारी गेला तरी बाहेर वाजतच होतं. त्यांना कुणी थांबा म्हणालं नसेल. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. माइकवर म्हणाले, "तो गोंगाट आधी बंद करायला सांगा. मुलांना संगीत ऐकू येत नाहीये."

शिपाई गेला. अर्ध्या ठोक्यात हलगीचा आवाज तुटला.

माझ्या शेजारची मुलं हसली. बाईंनी लांबनं माझ्याकडं बघितलं. मला उठायचं होतं. सांगायचं होतं, सर, तीन हलग्या आणि ढोल आहे, ढोल खाली धरून ठेवतोय, दोन हलग्या ठेका देतायत, तिसरी मधनं मधनं नक्षी काढतीय. तुम्ही आता जे विचारताय ते सगळं त्यात होतं. मी उठले नाही. पेन्सिलीला टोक करत बसले.

शेवटचा प्रश्न असा होता. एका वाद्याचा आवाज हळूहळू लहान होत जातो. वादक लांब जातोय की जागेवर बसूनच हळू वाजवतोय? सगळ्यांनी लिहिलं, लांब जातोय. मी लिहिलं, जागेवरच आहे.

माझा पहिला नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, "बेटा, हे कुणी शिकवलं?" बाई पुढं होऊन हसल्या. मी म्हणाले, "बाईंनी."

बाहेर आलो तेव्हा कडेला कुणी नव्हतं. फक्त कातडं तापवायला जाळलेल्या कागदाची राख होती.

त्या रात्री आबा उशिरा आले, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी रविवारी दिवसभर मी त्यांच्यासमोर गेले नाही. बक्षिसाची ढाल बाईंनी शाळेतच ठेवून घेतली होती, त्यामुळं दाखवायला काही नव्हतंच.

सोमवारी परिपाठाला बाईंनी मला माइकपुढं उभं केलं. कानात म्हणाल्या, "म्हण, बाईंनी माझ्याकडून रोज सराव करून घेतला. आणि खाली ये."

समोर सगळी शाळा. मी माइक धरला. माइकमधनं खरखर येत होती. आणि मी बोलले.

"मला ऐकायला माझ्या आबांनी शिकवलं. ते हलगी वाजवतात. दौंडला परीक्षक सरांनी जो गोंगाट बंद करायला लावला, तो माझ्या आबांचा हुता. मी वळखला हुता. मी गप्प बसले. बाईंच्या तबल्याला बकरीचं कातडं हाय आन् आबांच्या हलगीला बी बकरीचंच हाय. मला तबल्याला हात लावू दिला न्हाई."

एवढंच. हेडमास्तरांनी माइक काढून घेतला. कुणी टाळी वाजवली नाही. बाई म्हणाल्या, "उपकाराची जाणीव नसते यांना." यांना. मी एकटी उभी होते, तरी यांना.

त्यानंतर संगीताच्या तासाला मला वाचनालयात बसायला सांगायचे. दहावीपर्यंत. मी पेटी शिकले नाही, तबला शिकले नाही. भिंतीपलीकडनं मात्र सगळं ऐकलं.

पण खरं दुःख ते नाही.

सोमवारी संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते पाठीवर हात ठेवतील. आबा पायरीवर बसले होते. म्हणाले, "म्हंजी तू वळखलं हुतंस?"

"व्हय."

"गेटावर बी?"

"व्हय आबा."

ते खाली बघत राहिले. "मला वाटलं, गर्दीत दिसलो न्हाई तुला," म्हणाले. "तसंच धरून चाललो हुतो म्या."

उठले आणि नदीकडं गेले. त्या दिवशी हलगी घेऊन गेले नाहीत.

माझ्या खरं बोलण्यानं शाळेला धक्का बसला की नाही, माहीत नाही. बापाचा एक आधार मात्र मोडला. मी त्यांना ओळख दिली नाही, हे ते मनात झाकून ठेवत होते. मी ते उघडं केलं. माफ करा म्हणायला पाहिजे होतं. मला वाटलं, बोलू कधीतरी. आपला बाप कुठं जातोय.

आबा कुठं गेले नाहीत. त्यांचे कान गेले. वीस वर्षं प्रेसचा दणका. कंपनीनं कानात घालायला काही दिलं नाही आणि आबांनी मागितलं नाही. आधी काडी ऐकू येईना, बारीक आवाज पहिले जातात. मग टिपरू. आता मी अगदी कानाशी बोलले तरी ते हसून मान हलवतात. काही कळलं म्हणून नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. ती माफी मी त्यांना नंतर तीनदा मागितली. तिन्ही वेळा त्यांनी तशीच मान हलवली. शेवटी कागदावर लिहिली. आबांना वाचता येत नाही. आईनं तो कागद घडी करून डब्यात ठेवला.

मी आता दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. पोरांना डोळे मिटायला लावते आणि ऐकवते. पेटी ऐकवते, हलगीही ऐकवते. नादाची जात हा शब्द मी फळ्यावर लिहीत नाही. मी म्हणते, आवाजाची ओळख.

यंदा त्या स्पर्धेचं पत्र आमच्याही शाळेत आलं. खाली वाद्यांची यादी होती, सोळा वाद्यांची. हलगी नव्हती. आणि पाहुण्यांच्या स्वागताला गेटवर हलगीपथक ठेवलंय, असं त्याच पत्रात लिहिलं होतं. आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, आपली पोरं हुशार आहेत. नंबर येईल. हे बाकीचं कशाला काढता?"

मी पत्र लिहिलं. हलगी यादीत घ्या आणि वाजवणाऱ्यांना आत बसवा, खुर्ची द्या, पाणी द्या. तोवर माझा एकही विद्यार्थी येणार नाही. खाली सही केली. सहीखाली वडिलांचं नाव लिहिलं, त्यापुढं लिहिलं, हलगीवादक.

उत्तर आलेलं नाही. पुढच्या वर्षी पत्र आलं तर मी हेच लिहिणार. त्याच्या पुढच्या वर्षीही. जो आवाज मी ओळखते, तो कुणाचा आहे हे आता मी तिथल्या तिथं सांगते. समोर कोण बसलंय ते बघत नाही.