टँजिबल शिकवणारी ताई

ताई शेवटपर्यंत आईशी खोटं बोलली.

तिला जाऊन आज वर्ष झालं. आई फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहितेय. घरी याल तेव्हा तिच्यासमोर विषय काढू नका, प्लीज.

वंदना, माझी मोठी बहीण. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला शाळेत इंग्रजी शिकवायची.

शब्दाचा अर्थ नुसता फळ्यावर लिहून देणं तिला पटायचं नाही. एकदा मी तिच्या वर्गाबाहेर उभी होते. 'टँजिबल' सुरू होतं. पोरींना डोळे मिटायला लावून हातात एकेक वस्तू दिली. कापूस, संत्र्याची साल, कुलूप.

"ज्याले हात लावता येते, ते टँजिबल."

एक पोरगी म्हणाली, "मॅडम, ताप टँजिबल हाये का?"

ताई हसत सुटली. "कपाळाले हात लावून पाह्य ना!"

मग म्हणाली, हा शब्द फक्त वस्तूंचा नाही. दाखवता येईल असा फायदा, पुरावा, फरक, त्यालाही टँजिबल म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या बोटांतून खडू पडायला लागला.

नसांचा आजार. आधी बोटं बधिर, मग तळवे. चहाचा कप गरम आहे की गार, तेही कळेना. मग अंथरूणच धरलं. वर्ध्याला भरती केलं.

राउंडला आलेले डॉक्टर आपसात म्हणाले, "नो टँजिबल इम्प्रूव्हमेंट."

"काय म्हणून राह्यले डॉक्टर?" आईनं विचारलं.

माझ्याआधी ताईच बोलली. "टाइम लागते म्हणतात, आई."

आईनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "म्या हात धरला तं समजते का तुले?"

ताईनं मान वळवली. आईचे हात कुठे आहेत, ते डोळ्यांनी पाहिलं.

"समजते ना. किती गरम हायेत तुहे हात."

आई खूप दिवसांनी हसली.

आई चहा आणायला गेल्यावर मी विचारलं, "ताई, खरंच?"

"नाई गं. काहीच नाई. तिले सांगू नोको."

त्यानंतर आई तिचा हात सोडेचना. चोळत बसायची, विचारत राहायची. ताई बघून बघून "हो" म्हणायची. पुढे मानही वळेना. मग अंदाजानं म्हणायला लागली.

एक दिवस छताकडे बघत म्हणाली, "समजून राह्यलं, आई."

आई तेव्हा खिडकीपाशी ग्लास विसळत होती.

आईनं ग्लास तसाच ठेवला. पटकन येऊन हात धरला.

त्याच आठवड्यात ताई गेली.

आज सकाळी फोटोला हार घालताना आईनं विचारलं, "तिले माहा हात समजे ना गं?"

"समजे," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

लोक म्हणतात, वर्षभरात दुःख कमी होतं. आमच्याकडे नाही झालं.

ताई, आम्हाला काही तुझ्याशिवाय जमत नाहीये.