आधी बोटं दाखवा

पन्नाशीत गिटार हाती घेतली आणि दोन वर्षांत माझी खात्री पटली, की देवाने मला बोटं फक्त भात कालवायला दिली आहेत. एक कॉर्ड धरली, म्हणजे तीन-चार तारा एकदम दाबल्या, की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते भावनेने नव्हे! शेवटी गिटार भाचीला देऊन टाकायची ठरवली. देण्याआधी एकदा तपासून घ्यावी, म्हणून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली.

त्यांनी गिटारकडे बघितलंच नाही. “आधी डावा हात दाखवा,” म्हणाले. मी ज्योतिष्यापुढे पसरावा तसा हात पसरला. बोटांवरचे खोल वळ पाहून ते हळहळले, मग गिटारकडे वळले. “अहो, या तारांखालून बैलगाडी जाईल! तुम्ही वाजवत नव्हता, हमाली करत होता.”

मग एक डोळा मिटून त्यांनी गिटारची मान न्याहाळली, किल्लीने किंचित सरळ केली, तारांखालची पट्टी घासून तारा खाली आणल्या. तासाभराने मी तीच कॉर्ड धरली. बोटं नुसती टेकली आणि ती वाजली.

घरी येताना वाटत राहिलं, ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून मी काय काय सोडलं असेल, आणि तिथेही तारा नुसत्या उंच असतील.

गिटार भाचीला दिली नाही. संध्याकाळभर वाजवली. बायको दारात येऊन उभी राहिली. “आता बोटं दुखत नाहीत ना?”

“अजिबात नाही!”

“मग हे असं का वाजतंय?”

माझी सबब काकांच्या दुकानातच राहिली होती.