वरचं औषध

विंझरवरून डोंगर चढत गेलं की ढेब्यांची वस्ती लागते. तिथल्या गोरख ढेब्याला सगळा वेल्हे भाग ओळखतो. म्हशी राखणारा, रोज दुधाचं कॅन खांद्यावर घेऊन खाली डेअरीवर उतरणारा, मोजकं बोलणारा माणूस. पण त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, "पोरीला पाठीवर घेऊन हिंडतो, तो."

प्रांजल त्याची एकुलती एक. लहानपणी ती म्हशींच्या मागं शेळीसारखी कडे चढायची. सातवीत असताना पाय अडखळायला लागले. मग बसली की गुडघ्यावर हात रेटल्याशिवाय उठता येईना. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. पुण्यात सांगितलं, हा जन्मासोबतच आलेला आजार, अंगातले स्नायू झिजत जाणार, यावर औषध नाही.

गोरखनं ऐकलं, पण मानलं नाही. तेल चोळणारे झाले, काढे झाले, देवरुषी झाले. एकानं तापलेल्या विळ्यानं पोरीच्या पोटऱ्यांवर डाग दिले. प्रांजलनं दात आवळले. टाहो फोडला तो तिच्या आईनं. घरी आल्यावर सुलक्षणानं नवऱ्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि वदवून घेतलं, की पोरीला आता कुणाच्या दारात न्यायचं नाही. तोवर प्रांजलचं चालणं थांबलं होतं.

त्या आषाढात डेअरीवाल्या सोनबानं मोबाईल पुढं केला. "गोरख, हे बघ. आपला माणूस वर गेलाय, त्या अंतराळ स्थानकात. आपल्या देशातला तिथं पोचलेला पहिलाच. तिथं प्रयोग करतोय. स्नायू का झिजत्यात आन् परत कसे भरत्यात, त्याचा."

गोरखनं ती बातमी पुन्हा पुन्हा लावून घेतली. जिथं वजनच नाही तिथं धडधाकट माणसाचेही स्नायू वाळतात, म्हणून स्नायूंच्या पेशी वर नेऊन त्या पारखतायत, असं बातमी देणारी बाई सांगत होती. गोरखच्या कानात एवढंच बसलं, की पोरीच्या दुखण्यावर देशानं माणूस वर पाठवलाय.

"न्हाई," सुलक्षणा म्हणाली. "तुमी माज्या डोक्यावर हात ठिवलाय."

"ह्यो देवरुषी न्हाई. सरकारचं काम हाय."

"तिला एसटीत धक्के बसत्यात, हाडं दुखत्यात. तुमाला कळत न्हाई का?"

गोरखला कळत होतं. पण पोरीचे हात आता ताट उचलतानाही थरथरत होते, आणि ते त्याला बघवत नव्हतं. "आई, जाऊ दे आमाला," प्रांजलच म्हणाली. सुलक्षणानं तोंड फिरवलं आणि गोठ्यात निघून गेली.

सोनबाच्या भाच्यानं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचा पत्ता काढून दिला. गोरखनं पोरीला पाठीवर बांधलं, वरून प्लास्टिक पांघरलं आणि निसरडी पायवाट उतरला. विंझरला एसटी, नसरापूरला दुसरी. नसरापूरच्या स्टँडवर बाया बघत राहिल्या. अठरा वर्षांची पोर बापाच्या पाठीवर.

प्रयोगशाळेत प्रेरणा नावाची तरुण संशोधक भेटली. तिनं दोघांना बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पण वर नेल्यात त्या फक्त पेशी. त्यातून काय कळतंय ते बघायलाच काही वर्षं जातील. औषध तर अजून फार लांब आहे."

"माज्या मांडीचं मांस काडा. हिला लावा."

"तसं नाही होत, काका."

"मग हिलाच वर धाडा." गोरखचा आवाज फाटला. "तिथं वजन न्हाई म्हनत्यात. तिथं माजी पोरगी उबी तरी ऱ्हाईल."

 प्रेरणा हळू म्हणाली, "तिथं स्नायू जास्तच लवकर झिजतात."

गोरखनं दोन्ही हात जोडले होते. ते तसेच राहिले. त्यानं शेजारी पोरीकडं पाहिलंच नाही.

प्रेरणाला अजून एक विचारायचं होतं, आणि ते विचारताना ती अवघडली. शेजारच्या दवाखान्यात प्रांजलच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढू दिला, तर त्यांच्या अभ्यासाला तो उपयोगी पडला असता.

"हिला काय मिळंल?" गोरखनं विचारलं.

"हिला काही नाही. खोटं सांगणार नाही."

तो उठला. प्रांजल बसल्या जागी म्हणाली, "घ्या, ताई."

तुकडा देऊन परतताना नसरापूरला एसटीची वाट बघत बसले असता प्रांजल म्हणाली, "आबा, औषध न्हाई हे मला ठावं हुतं. म्या मोबाईलवर आधीच वाचलं हुतं."

"मग आलीस कशाला?"

"तुमी घरात बसून येडं झाला असता."

 अंधारायच्या आधी गोरखनं विंझरहून चढण धरली. अर्ध्या वाटेत एका दगडाला टेकला आणि त्याला उठताच येईना. पायात बळ होतं. पण आजवर प्रत्येक चढणीला पुढं काहीतरी असायचं, गाठायचा एखादा वैद्य, कुणी सांगितलेलं एखादं नाव. आता वर नुसतं घर होतं. पोर पाठीवर तशीच, आणि तो हुंदके देत बसला. त्याच्या पाठीच्या हिसक्यांनी ती हलत होती. शेवटी कंदील घेऊन सुलक्षणा उतरली. तिनं दोर सोडला, पोरीला स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि एवढंच म्हणाली, "चला."

अंतराळवीर परत आला तो प्रांजलनं मोबाईलवर पाहिला. दोघांनी त्याला काखेत धरून यानातून बाहेर काढलं. "थोड्या दिवसांत हा चालंल," ती म्हणाली आणि मोबाईल पालथा ठेवला.

दिवाळीच्या आधी तिच्या बोटांतलं बळ गेलं. आता गोरख तिला भरवतो. सुलक्षणा रात्री तिची कूस बदलते.

माघात प्रेरणाचा फोन आला. गोरखनं तो पोरीच्या कानाशी धरला, पण आवाज त्यालाही ऐकू येत होता. "प्रांजल, तुझ्या पेशी इथं काचेच्या तबकडीत छान वाढतायत गं. तुला सांगावंसं वाटलं."

प्रांजल हसली. गोरखनं फोन स्वतःकडं घेतला.

"ताई, तिथं वाडत्यात," तो म्हणाला, "मग हितं का न्हाई?"

 गोठ्यात म्हैस हंबरायला लागली. गोरखनं फोन सुलक्षणाच्या हातात दिला आणि धार काढायला गेला.