अर्ध्या मिनिटाच्या काकू

काकूंच्या हाती तुमचं मनगट लागलं की ते ओढून घ्यायचं नाही, हा आमच्या गल्लीतला अलिखित नियम होता. घेऊ म्हटलं तरी घेता येत नसे. रस्त्यात, किराणा दुकानात, एस.टी.च्या रांगेत, त्यांना जागेचं काही नव्हतं. मनगट धरायचं, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचं, "प्रभू बापा, तुले तर माहीतच हाय..."

यापुढे त्या जे सांगायच्या ते देवाला माहीत असेलही, पण गल्लीला माहीत नसायचं. चहाडी करणं पाप, म्हणून काकूंनी जन्मात कधी कुणाची चहाडी केली नाही. त्या फक्त प्रार्थना करायच्या, आणि खणखणीत आवाजात करायच्या. "प्रभू बापा, तुले तर माहीतच हाय, याची बायको तीन दिवसांपासून याच्याशी बोलून नाही राह्यली. चूक याचीच हाय. पण पोट्टं मनानं वाईट नाही." हे माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर! गिऱ्हाइकं बिचारी माना खाली घालून उभी. शेवटी त्यांतल्या एकानं "आमेन" म्हटलं आणि तो वाढदिवसाचा बॅनर घेऊन गेला.

तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल. नसेल तर तुमचं काहीतरी चुकलं, एवढंच म्हणेन.

मी कारंज्याचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी फ्लेक्स छापतो. दुकानामागच्या खोलीत मी आणि माझा मित्र पवन एक कार्टून मालिका बनवतो, आपल्या वऱ्हाडी बोलीत, इंटरनेटवर टाकतो. नाव 'नळ आला का?' आमच्याकडे सकाळी सकाळी माणसं एकमेकांना हेच विचारतात, रामराम नंतर. बबन नावाचा एक आळशी घरजावई आणि त्याची तिखट सासू, यांची ती गोष्ट. पवन लिहितो, मी चित्रं काढतो आणि निम्मे आवाजही काढतो. माझी बायको रुबीना आवाजांची कापाकापी करते.

काकूंचं घर दुकानासमोर. गल्लीत ख्रिस्ती घर ते एकच. काका एस.टी.त कंट्रोलर होते. आयुष्यभर लाउडस्पीकरवर गाड्या पुकारून त्यांच्या वाट्याचं बोलणं संपलं असावं, निवृत्त झाल्यावर ते मान हलवूनच काम भागवायचे. काकू जुन्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे सगळ्यांना "सलाम" म्हणायच्या. त्यामुळे नवे भाडेकरू त्यांना ईदच्या शुभेच्छा द्यायला जायचे. काकू त्यांना बसवायच्या, चहा पाजायच्या आणि तिथेच मनगट धरायच्या.

एका भागात बबनची सासू लाटणं घेऊन त्याच्या मागे लागते. तेव्हा भिंतीपलीकडून कुणीतरी अर्धा मिनिट बोलायला हवं होतं. मी कागद ओढला. बारीक फुलांची साडी, जाड चष्मा, काखेत काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, आणि एक हात पुढे, कुणाचं तरी मनगट शोधणारा.

पवन वाकून बघायला लागला. "अबे, ह्या तर..."

"गप राह्य," मी म्हटलं.

आवाजही मीच काढला, नाकातून. रुबीनानं हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "एक दिन मार खाओगे तुम."

मार नाही पडला. उलट लोकांना बबनपेक्षा ही भिंतीपलीकडची बाईच जास्त आवडली. प्रत्येक भागात तिला अर्धा मिनिट द्यावा लागला. ती बबनचं मनगट धरायची आणि त्याची सगळी लफडी सासूच्या कानावर पडतील अशा आवाजात देवाला सांगायची. गल्लीतली पोरं एकमेकांची मनगटं धरून "तुले तर माहीतच हाय" म्हणत फिरायला लागली. रिसोडचा एक माणूस सोयाबीन विकून परत जाताना वाट वाकडी करून दुकानात आला, फक्त एवढं विचारायला, की ती बाई खरीच कुठे आहे का? मी म्हटलं, छे. आणि समोर काकू तुळशीला... तुळशीला कसल्या, गुलाबाला पाणी घालत होत्या. काकूंकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. इतका निर्धास्त माणूस मूर्खच असतो.

एका रविवारी चर्चमध्ये काकू प्रार्थनेला उभ्या राहिल्या. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रभू बापा, तुले तर माहीतच हाय..." मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग त्याच्या शेजारचं हसलं. मग बायकांच्या बाजूनंही कुणी तोंडाला पदर लावला. काकूंनी डोळे उघडले. चाळीस वर्षांत प्रार्थनेच्या मध्यात त्यांनी डोळे पहिल्यांदा उघडले असतील. त्या खाली बसल्या. घरी जाताना एका मुलीनं त्यांना आपल्या फोनवर सगळं दाखवलं.

मला हे कळायला आठवडा लागला. काकू दुकानात येईनात एवढंच दिसत होतं. मला वाटलं, बरं झालं, सुट्टी. मग काका आले. उभ्या उभ्या म्हणाले, "चर्चात बोलत नाही तुही काकू आता. घरीबी प्रार्थना मनातल्या मनातच करते. जेवायच्या आधीबी आवाज नाही." एवढी लांब वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

लाज वाटली म्हणजे काय वाटलं ते सांगतो. मी माणसांच्या लकबी चोरून पोट भरतो, ते मला माहीत होतं. पण या वेळी मी एका बाईचं देवाशी बोलणंच उचलून आणलं होतं, आणि आता ते तिच्यापाशी उरलं नव्हतं. ते परत कसं करतात?

संध्याकाळी गेलो. काकू मेथी निवडत होत्या. सलाम म्हटलं नाही, बस म्हटलं.

"काकू, मी ते सगळे भाग काढून टाकतो."

"काहून? त्यात खोटं काय हाय?" त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "मी तशीच बोलतो का रे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण काकूंसमोर ते जमायचं नाही. "हो, काकू."

"मंग देवालेबी तसंच ऐकू जात असंन? चाळीस वर्षांपासून? तोबी हसत असंन का रे बाबू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळे होतं. जे तोंडाला आलं ते बोललो. "हसत असंन तर हसू द्या नं, काकू. दिवसभर सारे लोक त्याच्यापाशी रडतच येतात. त्याले हसवणारं तुमच्याशिवाय कोण हाय?"

काकूंनी मेथीची आणखी एक जुडी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "चित्र बरं काढलं तू. पण आवाज लय वंगाळ. बोकड वरडल्यावानी."

"मंग तुमी काढा."

"अवं माय!" म्हणाल्या, आणि मेथी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकू दुकानामागच्या खोलीत हजर. इस्त्रीची साडी, काखेत शास्त्र. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं. "प्रभू बापा, तुले तर माहीतच हाय, या पोट्ट्यानं मले न विचारता माही नक्कल केली. मले लय लागलं. मी याले माफ केलं, आता तूबी कर. अन् याच्या बापानं पाट्यांवर किती सुंदर अक्षर काढलं, याले शुद्ध लिहिता येत नाही, तेबी जरा पाह्य." पवन हसून खाली बसला. रुबीना मोठ्यानं "आमेन" म्हणाली. एवढा आनंद मला त्या वर्षात दुसरा झाला नाही.

आता आमचे हाल सुरू झाले. एका भागात बबन श्रमदान टाळायला काकूंच्या ओट्याखाली लपतो, सासू शोधत येते, आणि काकूंनी फक्त म्हणायचं, "नाही बाई, इथी नाही आला."

काकूंनी कागद खाली ठेवला. "पण आला हाय नं तो?"

"काकू, चित्र हाय ते."

"चित्रात तर आला हाय नं?"

"खोटं खोटंच बोलायचं हाय, काकू!"

"खोटं खोटं का असंना, खोटंच हाय. मी नाही बोलत."

पवननं डोकं धरलं. दुपार गेली. शेवटी काकूंनी माइकमध्ये आपल्याच मनानं म्हटलं, "या बाई, बसा, चहा टाकतो. अन् त्याले पयले ओट्याखालून काढा, त्याचे गुडघे आखडले असतीन." पवननं मग तो अख्खा भाग त्या एका वाक्याभोवती पुन्हा लिहिला. आमचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला भाग तोच.

बाजारात काकूंना आवाजावरून ओळखायला लागले. भाजीवाली कोथिंबीर जास्त टाकायची. किन्हीराजा गावातल्या एका लग्नात नवरीनं त्यांचा हात धरून सेल्फी काढला. चर्चमध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आता सगळे हसले तरी त्या डोळे मिटूनच पुढे बोलत राहिल्या. एकदा आमच्या खोलीत त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं. "प्रभू बापा, तुले तर माहीतच हाय, मले गर्व होऊन राह्यला. कमी कर. पण एकदम नको करू, हळूहळू कर." आणि मला विचारलं, "मी दुय्यम पात्र हाय म्हणतं, मंग बबन्यापेक्षा मले जास्त काहून बोलाले लावतं?" मी म्हटलं, तुम्हीच जास्त बोलता. त्यावर त्यांनी चष्मा पुसला.

मागच्या वर्षी काकू गेल्या. चार दिवसांचा ताप. अकोल्याला नेलं, मीही सोबत होतो. शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. वाईट वाटलं हे लिहिणं फार कमी आहे, पण मला दुसरं लिहिता येत नाही. त्यांच्या देवानं माझं शुद्धलेखन अजून सुधारलेलं नाही.

मालिका थांबली. लोक विचारत राहिले, भिंतीपलीकडच्या काकू कुठे गेल्या? दोन-तीन बायकांचे आवाज घेऊन पाहिले. मीही एकदा काढून पाहिला, आणि बोकड मध्येच थांबला. शेवटी ठरवलं, काकांना विचारायचं, दुसरा आवाज घेऊ का. त्यांना दुकानात बोलावलं.

काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनीच विचारलं, "तुमी कापून टाकलेलं काही हाय का? तिचं?"

मी रुबीनाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते सगळं आम्ही पुसलं. रुबीनानं कॉम्प्युटर सुरू केला. तिनं काकूंचा एक खोकलासुद्धा पुसला नव्हता.

काका खुर्चीवर बसले. स्पीकरमधून काकूंचं भांडण आलं, "मी नाही बोलत" आलं, पाणी पिण्याचा आवाज आला. काका मान हलवत होते. मग एक तुकडा लागला. लाइट गेली होती त्या दिवशीचा असावा, माइक बॅटरीवर सुरूच राहिला होता. काकू रुबीनाशी गप्पा मारत होत्या.

"तुह्या काकायले वाटते मले काही माहीत नाही. रोज संध्याकाळी स्टँडवर जातात, म्हणे जुने सोबती भेटतात. कायचे सोबती! जिलबी खाऊन येतात. शर्टाले पाकाचे डाग, अन् शुगर एवढी. आता मी विचारलं तर ते खोटं बोलतीन, अन् पाप त्यायलेच लागंन. म्हून मी विचारतच नाही. जेवाले बसले का चारच्या जागी तीन पोळ्या वाढतो."

पुढे रुबीनाचं हसणं, आणि काकूंचंही.

काकांनी खाली आपल्या शर्टाकडे पाहिलं. "पुन्हा लाव," म्हणाले. रुबीनानं लावलं. "पुन्हा." पाच-सहा वेळा तरी लावलं असेल.

"मले वाटे, म्हातारपणी हिचा हात आखडला," ते म्हणाले. "मी मनातल्या मनात रागावून जेवो."

मी विचारलं, "काका, मग दुसरा आवाज घेऊ?"

"घे. चित्राले आवाज पायजेच." ते उठले, चप्पल शोधली, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"आता मेसचा डबा येते," ते म्हणाले. "जिलबी खाऊन गेलो तरी चारच पोळ्या असतात त्यात."