व्याह्यांची बोबिक

आमच्या गावात लग्न असो, बारसं असो की वर्षश्राद्ध, चार शब्द बोलायला मलाच उभं करतात. मी शाळेत भाषा शिकवतो, पण नारीन नदीच्या या अंगाला काल्मुर्झा मास्तर म्हटलं की लोकांना माझा खडू नाही, माझी जीभ आठवते. नवऱ्या मुलाचे कान पुढे आलेले असले तर मी त्याला चौफेर ऐकणारा म्हणतो. मयत माणूस कंजूष असला तर जपून जगला म्हणतो. स्तुती करायची म्हटली की मला दम लागत नाही. या जिभेनं मला पुष्कळ मान मिळवून दिला आणि एक जीपही मिळवून दिली.

दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी पेरिझात खिंडीपलीकडे इमानकुलांच्या घरी सून म्हणून गेली. पहिल्यांदाच आम्हाला तिकडे जेवायला बोलावलं होतं. मानाच्या पाहुण्याला वाढतात ते मेंढीचं मुंडकं माझ्यापुढे आलं, व्याही स्वतः हातावर पाणी घालत होते, आणि मी सुटलो. घराची, चुलीची, जावयाच्या खांद्यांची, सगळ्यांची तारीफ करून झाली. आता काय उरलं म्हणून खिडकीबाहेर पाहिलं, तर अंगणात त्यांची जुनी बोबिक उभी. रशियनांच्या काळातली, चारही चाकं ओढणारी, कापडी टपाची जीप. आमच्याकडे लहान पोरंही या गाडीला बोबिकच म्हणतात, कुत्र्याला हाक मारावी तसं.

"आणि ती पाहा," मी म्हणालो, "अशी गाडी दारात असलेल्या माणसाला डोंगर वाट देतो."

इमानकुलांनी पाण्याची झारी खाली ठेवली. "तुम्हाला आवडली. तुमची झाली."

व्याह्याच्या मनात भरलेली वस्तू घरात ठेवू नये असं आमच्याकडे मानतात. हे मला माहीत होतं. पण हात दाखवून अवलक्षण करण्यात माझा हात कोण धरणार? मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा ते शांतपणे म्हणाले, "आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही का?" दारात पेरिझात चहा ओतत होती. तिचा हात थांबला. सासूनं तिच्याकडे पाहिलं. मी ताबडतोब हो म्हणालो. आठवडाभरात परतभेट म्हणून आमची चांगली घोडी शिंगरासकट त्यांच्या दारात बांधली आणि बोबिक घेऊन आलो.

बॉनेट उघडून पाहिलं नाही. व्याह्यानं दिलेल्या गाडीचं बॉनेट त्याच्या तोंडावर कसं उघडणार? शिवाय उघडून मला कळणार काय होतं?

खिंडीत ती पहिल्यांदा बंद पडली. घरी आणल्यावर गावातला मेकॅनिक मामबेत तिच्याखाली सरपटत गेला, बराच वेळ खालीच राहिला आणि बाहेर येऊन त्यानं टोपी काढली, मयताच्या घरी काढतात तशी.

"मास्तर, ही विकली कुणी तुम्हाला?"

"व्याह्यांनी. भेट दिली म्हण."

"भांडण झालंय का तुमचं?"

मी त्याला भाकरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली की यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. कारण उघड होतं. खिंडीच्या दोन्ही बाजूंना पाहुणेरावळे आहेत. इमानकुलांनी व्याह्याच्या गळ्यात भंगार बांधलं असं कुणी म्हणालं की ते संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी पोचणार, आणि तुझा बाप आमची बदनामी करतो हे ऐकून घ्यायला तिथे माझी पोर एकटी. तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा मी ठरवलं.

मार भरपूर होता. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. ब्रेक तीनदा दाबला की तिसऱ्या वेळी लागायचा, म्हणून मी समोर गाय दिसली की गाईच्या बऱ्याच आधीपासून दाबायला लागायचो. फोर-व्हीलचा दांडा चढावर निसटायचा, तो झुराकाननं, म्हणजे आमच्या बायकोनं, दोन्ही हातांनी धरून बसायचं. हँडल मारून सुरू करताना उलटा झटका बसला आणि महिनाभर मी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. तेल गळायचं. "गळतंय म्हणजे आत आहे, काळजी कसली," मामबेत म्हणायचा. हिवाळ्यात रोज संध्याकाळी रेडिएटरचं पाणी सोडायचं, इंजिनावर लोकरीचा जाड नमदा पांघरायचा आणि बॅटरी उचलून घरात चुलीजवळ आणायची.

"माझ्या गुडघ्यांना कधी एवढी ऊब दिली होती का?" झुराकाननं विचारलं.

"तुझे गुडघे व्याह्यांनी दिलेले नाहीत."

यावर तिनं जे म्हटलं ते मी शाळेत शिकवत नाही.

दर पंधरवड्याला इमानकुलांचा फोन यायचा. "कशी पळते?" मी म्हणायचो, "शिंगरासारखी." तेव्हा तिचा गिअरबॉक्स मामबेतच्या अंगणात गोणपाटावर पसरलेला असायचा. खोटं बोलण्यात मी बुडत चाललो होतो आणि पोहायची ऐट करत होतो.

मग पेरिझात फोन घ्यायची. "बाबा, कधी येता?"

"परीक्षा आहेत गं." जुलैमध्येसुद्धा मी परीक्षाच सांगितल्या.

खरं असं की बोबिकमधून जायची मला छाती नव्हती. ती त्यांच्या दारात बंद पडली की सगळं उघडं. आणि भाड्याच्या टॅक्सीतून गेलो तर पहिला प्रश्न येणार, गाडी कुठे आहे? झुराकान तीन-चारदा एकटीच टॅक्सीनं जाऊन आली. गाडी त्यांना शाळेच्या कामाला लागते असं सांगायची. परत आली की म्हणायची, "अहो, ती तुमचीच चौकशी करत होती."

"गाडीची करत असेल."

"तुम्ही मुलांना शिकवता तरी काय, मला नवल वाटतं."

पण मी बधलो नाही. पोरीच्या सुखासाठी आपण केवढा त्याग करतोय या विचारानं माझा मलाच गहिवर यायचा. अगदीच टाळता येईना तेव्हा, दोन वर्षांत मी तिकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा गाडी उतारावर उभी केली, म्हणजे निघताना ढकलावी लागू नये, आणि चहाचा दुसरा कप घ्यायच्या आत उठलो.

या वसंतात पेरिझातला मुलगा झाला. पाळणा आईच्या माहेरून न्यायचा असतो, त्यातून सुटका नव्हती. मामबेतनं चार दिवस खपून गाडी उभी केली आणि म्हणाला, "मास्तर, तिला रागवू नका आणि थांबवू नका." मागे पाळणा, रजया आणि बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पोती. पुढे मी, आणि दांडा धरून झुराकान. खिंड पार झाली. उतारही झाला. व्याह्यांचं गाव दिसायला लागलं, धुराडी मोजता येतील इतकं जवळ, आणि बोबिक एकदा खोकली आणि थांबली.

मी बॉनेट उघडून आत पाहत राहिलो. बघण्यापलीकडे मला काही येत नाही, पण बघतो मी मन लावून. तेवढ्यात खालून इमानकुल आमच्याच घोडीवर बसून आले. हॉर्न ऐकू आला होता म्हणाले. आम्ही नुकतंच एक डावं वळण घेतलं होतं.

त्यांनी बाह्या सरसावल्या. इंजिनावर हात फिरवत एकेक गोष्ट बघू लागले. "पंप नवा. कार्ब्युरेटर नवा. गिअरबॉक्स उघडलेला दिसतोय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "माझ्या वेळचं काय उरलंय यात?"

"हॉर्न," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मागे पाळणा, समोर व्याही, आणि माझ्या जिभेला एकही गोड शब्द सापडेना. तेव्हा पहिल्यांदा त्या जिभेनं खरं बोलून टाकलं.

"व्याहीबुवा, मला ही गाडी कधीच नको होती. त्या दिवशी मी बोलायचं म्हणून बोललो. दोन वर्षं तुमच्याशी खोटं बोलतोय. राग माझ्यावर काढा, पोरीला बोल लावू नका."

इमानकुल फडक्यानं हात पुसत होते. "तुम्हाला नको होती हे मला माहीत होतं."

"कसं?"

"त्या दिवशी तुम्ही आमच्या कुत्र्याचीही तारीफ केली होती. कुत्रा दिला का मी?"

"मग गाडी का दिलीत?"

त्यांनी पेट्रोलची नळी काढून फुंकली, पुन्हा बसवली, झाकण घट्ट केलं.

"नवी सून आली तेव्हा रोज संध्याकाळी अंगणात यायची आणि या खिंडीकडे बघत उभी राहायची. घरातल्या बायका हसायच्या. मला बघवेना. म्हटलं, बापाकडे गाडी असली तर बाप येईल. गाडी जुनी होती, पण घरात दुसरी कुठली होती? तिला सांगितलं, पोरी, आता तुझा बाप दर महिन्याला येईल."

झुराकाननं दांडा सोडला आणि दुसरीकडे पाहिलं.

मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. तिला कुणी बोल लावू नये म्हणून मी दोन वर्षं दूर राहिलो होतो, आणि तिला बोल लावणारं तिथे कुणी नव्हतंच.

"अजून उभी राहते?" मी विचारलं.

"नाही," इमानकुल म्हणाले. "गेल्या हिवाळ्यापासून नाही राहत."

त्यांनी हँडल मारलं. पहिल्या फेऱ्यातच गाडी सुरू झाली.